रेझिस्टर तापायलाय, पण टेबलावर लावला की गार!

कडक_भाकरी · रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. डोकं चालेना झालंय म्हणून इथं लिहायलोय.

आमच्याकडं सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी सुटतं, ते पण कधी पहाटे तीनला, कधी भर दुपारी. उजनी धरण भरलेलं असो नाहीतर आटलेलं, आमच्या गल्लीला काही फरक पडत नाही. पाण्याच्या दिवशी आई रात्रीतून तीनदा उठून हौदात बॅटरी मारून बघायची. म्हणून मागच्या दिवाळीत पाणी-घंटी केली. हौदातला फ्लोट (तरंगता स्विच) वर आला की रिले (विजेवर चालणारा स्विच) ओढतो, दाराची डिंग-डाँग अर्धा मिनिट वाजते, मग गप्प.

सर्किट साधं आहे, ट्रान्सफॉर्मर नाही. फेजला आधी १०० ओहमचा रेझिस्टर, मग ०.४७ मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचा कपॅसिटर, एसीचं डीसी करायला चार डायोडचा ब्रिज, व्होल्टेज २४ वर धरून ठेवायला २४ व्होल्टचा झेनर, फिल्टरला ४७० मायक्रोफॅरड. पुढं एक ट्रान्झिस्टर, २४ व्होल्टचा रिले आणि चालू असल्याची हिरवी एलईडी.

दिवाळी ते मार्च एकदाही कुरकुर नाही. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत घरी अकरा पाहुणे होते, तेव्हा हिच्याच जिवावर पाणी भरलं. एप्रिलपासून हा १०० ओहमचा रेझिस्टर जळायला लागला.

पहिला अर्ध्या वॅटचा होता. कोळसा झाला, रंगाचे पट्टे पण दिसेनात. मग २ वॅटचा टाकला, तो आठवड्यात तपकिरी होऊन तुटला. आता पांढरा सिरॅमिक ५ वॅटचा टाकलाय. हा जळत नाही, पण डबीचं झाकण पिवळं पडून वाकलं आणि बोर्डला काळा डाग आला. मधे १०० च्या जागी २२० ओहमचा पण टाकून बघितला, तेवढाच तापला. बोट लावून बघितलं तर फोड आला.

आता गंमत ऐका. तोच बोर्ड काढून माझ्या टेबलावर लावला की कोमट सुद्धा होत नाही. तीन तास चालवला, गार! परत जिन्याखाली लावला, दोन दिवस बरा, तिसऱ्या दिवशी वास.

काय असेल? लाईट गेलीय, डोक्यावर पंखा घुं घुं करायलाय, मोबाईलवर टाइप करायलोय. चुका सांभाळून घ्या.

पार्कचौक · रविवार, रात्री १०:०५

जिन्याखाली भूत आहे बे. लिंबू-मिरची बांध.

बाकी १० वॅटचा लाव, विषय संपला.

मीटरवाली · रविवार, रात्री १०:३१

आधी एक सांगते, मग रेझिस्टरचं बघू. ट्रान्सफॉर्मर नाही याचा अर्थ तुमचा अख्खा बोर्ड थेट २३० व्होल्टला बांधलेला आहे. २४ व्होल्टची बाजू सुद्धा. त्या रेझिस्टरला तुम्ही चालू असताना बोट लावलंत म्हणजे फेजच्या वायरला बोट लावलंत. सिरॅमिकच्या अंगामुळे वाचलात, दोन मिलिमीटर बाजूला तार उघडी असते. पुन्हा करू नका, भाऊ.

दुसरं, बंद केल्यावरही तो ०.४७ चा कपॅसिटर भरलेला राहू शकतो. त्याला समांतर मोठा रेझिस्टर लावलाय का? १ मेगओहम वगैरे?

कडक_भाकरी · रविवार, रात्री १०:४०

नाही लावला ताई. एकदा प्लग काढल्यावर पिनांना हात लागून झटका बसला होता. मला वाटलं ओलावा असेल.

मीटरवाली · रविवार, रात्री १०:४४

तो ओलावा नव्हता.

पुणे३० · रविवार, रात्री ११:१२

मी मूळचा साखर पेठेतला, आता पुण्यात. माझा अंदाज झेनर. तो शॉर्ट झाला असेल नाहीतर रिलेची कॉइल जास्त करंट ओढत असेल. पुढे लोड वाढला की मालिकेतला रेझिस्टर तापणारच.

आणि जिन्याखालची जागा बंदिस्त, वर सोलापूरचा मे महिना. ४३ डिग्रीत माणूस तापतो, रेझिस्टर का नाही तापणार!

ओहमकार · सोमवार, सकाळी ७:२०

पुणे३०, साध्या पॉवर सप्लायला तुमचं बरोबर ठरलं असतं. इथे नाही. यात करंट किती जायचा ते लोड ठरवत नाही, तो ०.४७ चा कपॅसिटर ठरवतो. ५० हर्ट्झला त्याचा विरोध साधारण ६,८०० ओहम. २३० ला ६,८०० ने भागा: ३४ मिलिअँपिअर. पुढचा झेनर शॉर्ट झाला, अगदी आउटपुटला वायर टाकून जोडलं, तरी ३२५ व्होल्टच्या शिखरातून फक्त २५ व्होल्ट इकडचे तिकडे होतात. करंट जवळजवळ तेवढाच.

आता रेझिस्टरची उष्णता काढा. ०.०३४ × ०.०३४ × १०० = ०.१२ वॅट. म्हणजे त्यांचा पहिला अर्ध्या वॅटवाला चौपट ताकदीचा होता. तो जळायचं कारणच नव्हतं, मे महिना असो वा नसो.

कपॅसिटर शॉर्ट झाला असंही कोणी म्हणेल. तसं असतं तर १०० ओहमवर थेट २३० व्होल्ट, म्हणजे पाचशे वॅटच्या वर. तो तापला नसता, फुटला असता, आणि झेनरही सोबत गेला असता.

राहतात चार शक्यता. रेझिस्टर १०० ओहमचा नाही, कपॅसिटर ०.४७ चा नाही, व्होल्टेज २३० नाही, किंवा फ्रिक्वेन्सी ५० नाही. पाचवी मला दिसत नाही.

पार्कचौक · सोमवार, सकाळी ८:०२

सकाळी सातला गणित! याला कोणीतरी भाकरी-चटणी द्या रे.

यंत्रमाग_अण्णा · सोमवार, सकाळी ९:१५

नमस्कार. मी चाळीस वर्षं मागाच्या मोटारी आणि स्टार्टर दुरुस्त करतो. पुस्तकातलं मला कमी कळतं, पण जळका रेझिस्टर लांबूनच वासावरून ओळखतो.

आमच्याकडे कॉन्टॅक्टरवर, म्हणजे मोटारीच्या मोठ्या स्विचवर, रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी लावतात, ठिणगी मारायला. कॉन्टॅक्टर नीट बसत नसेल, थरथरत असेल, तर त्या जोडीतला रेझिस्टर जळतो. आम्ही नवशिके असताना रेझिस्टरच बदलत बसायचो. दोष कॉन्टॅक्टरचा असायचा. कपॅसिटरला सावकाश चढणारं व्होल्टेज चालतं, धक्के चालत नाहीत. तुमच्या जिन्याखालचा सॉकेट ढिला असेल, आत चरचर होत असेल तर हेच होईल. सॉकेट उघडून बघा. पिना काळ्या पडल्यात का?

आणि खरं विचारायचं ते दुसरंच. पाच महिने चाललं, एप्रिलपासून बिघडलं. मार्चमध्ये घरात काय बदललं?

कडक_भाकरी · सोमवार, रात्री ९:३०

अण्णा, सॉकेट उघडला. पितळ चकचकीत, वायर घट्ट.

मार्चमधे काही विशेष नाही. जिन्याला रंग दिला. वायरमन येऊन दोन-तीन पॉइंट इकडचे तिकडे करून गेला, एवढंच.

आज मापं घेतली, सगळं बंद करून, ताई म्हणाल्या तसं कपॅसिटर रिकामा करून. रेझिस्टर ९८.७ ओहम. कपॅसिटर ०.४६. जिन्याखालच्या सॉकेटला व्होल्टेज २३८. ओहमकारांच्या चारपैकी तीन तर गेल्या. फ्रिक्वेन्सी कशी बदलेल, ती तर सगळ्या देशाला एकच!

अजून एक. फ्लोट काढून जिन्याखाली एक तास चालवलं, गार. फ्लोट लावून एक तास, तरी गार! आता मुळात तापतच नाही. दवाखान्यात गेल्यावर दात दुखायचा थांबतो तसं झालंय.

पुणे३० · सोमवार, रात्री १०:०१

फ्लोटची वायर किती लांब? सहा-सात मीटर असेल आणि आवरणातून पाणी शिरत असेल तर गळती होत असेल. कधी ओली, कधी कोरडी, म्हणून कधी तापतो, कधी नाही.

ओहमकार · सोमवार, रात्री १०:२०

कल्पना चांगली आहे, पण ती गळती ब्रिजच्या पुढे होते, त्यामुळे रेझिस्टरमधला करंट वाढत नाही. एका प्रसंगी मात्र धोकादायक ठरेल: हौदाच्या पाण्यातून थेट जमिनीला करंट गेला तर. पण तेव्हा रेझिस्टरच्या आधी आपल्याला माणसाची काळजी करावी लागेल.

हिशेब उलटा करून बघितला. ५ वॅटचा सिरॅमिक झाकण वितळवण्याइतका तापतोय म्हणजे तीन-चार वॅट तरी असणार. १०० ओहमवर ४ वॅट म्हणजे २०० मिलिअँपिअर. ५० हर्ट्झला एवढा करंट जायला कपॅसिटर २.७ मायक्रोफॅरडचा हवा, नाहीतर घरात साडेतेराशे व्होल्ट हवेत. साडेतेराशे आले असते तर त्यांनी टीव्हीबद्दल धागा काढला असता.

मीटरवाली · सोमवार, रात्री १०:५८

मी पहिली पोस्ट पुन्हा वाचली. शेवटची ओळ बघा सगळ्यांनी. "लाईट गेलीय, डोक्यावर पंखा घुं घुं करायलाय."

लाईट गेलेली असताना पंखा कशावर फिरत होता?

यंत्रमाग_अण्णा · सोमवार, रात्री ११:०३

अरे वा, ताई.

पार्कचौक · सोमवार, रात्री ११:०४

भूत सापडलं की काय?

कडक_भाकरी · सोमवार, रात्री ११:१५

इन्व्हर्टरवर. मार्चमधेच घेतला, उन्हाळ्यासाठी. तो बदल म्हणायचा का? मला वाटलं जिन्याचाच काहीतरी बदल विचारताय. वायरमननं तेव्हाच पंखे आणि थोडे लाईट इन्व्हर्टरच्या लाईनवर टाकले. माझ्या खोलीतल्या टेबलाचा सॉकेट तर साध्या लाईनवर आहे, ते नक्की माहितीय, कारण लाईट गेली की माझा संगणक बंद पडतो. जिन्याखालचं नाही माहीत.

मीटरवाली · सोमवार, रात्री ११:२२

उद्या मेन एमसीबी खाली करा आणि बोर्डची हिरवी एलईडी बघा. पेटलेली राहिली तर जिन्याखालचा पॉइंट इन्व्हर्टरवर आहे.

मीटरसोबत तापमान मोजायची पिवळी वायर आली असेल तर तीही वापरा. सगळं बंद, कपॅसिटर रिकामा, मग मण्यासारखं टोक सिरॅमिकच्या मधोमध उष्णतेच्या पिवळ्या टेपनं चिकटवा. तारांना लागू देऊ नका. झाकण उघडं, हात खिशात. झेनरचंही तसंच माप घ्या, मला त्याचा आकडा हवा आहे.

कडक_भाकरी · मंगळवार, रात्री ८:४०

बसा सगळे.

मेन खाली केला. एलईडी पेटलेलीच! आई वरून ओरडली, फ्रिज का बंद केला म्हणून. तिला सांगितलं अर्धा तास दे.

जिन्याखाली हवा ३९ डिग्री. साध्या लाईटवर आधी अर्धा तास चालवून घेतलं होतं: रेझिस्टर ४६, झेनर ७१. मग मेन खाली. पहिल्याच मिनिटात रेझिस्टर ८० च्या पुढं. पाचव्या मिनिटाला १३८. अकराव्याला १७१, अजून चढायलाच होतं. तिथं घाबरून बंद केलं. पाण्याचा एक थेंब टाकून बघावा वाटलं होतं, पण ताईंची आठवण आली.

आणि झेनर ५९! रेझिस्टर भट्टी झालेला आणि झेनर आधीपेक्षा गार. हे मला अजिबात कळलेलं नाही.

इन्व्हर्टरवर माझ्या मीटरनं २५२ व्होल्ट दाखवले. म्हणजे व्होल्टेज जास्त येतंय, म्हणून तापतो, असं ना?

मीटरवाली · मंगळवार, रात्री ९:१०

नाही, ते २५२ खोटं आहे, आणि तेच कामाचं आहे. स्वस्त मीटर लहरीची सरासरी घेतो आणि ती सरळ साइन वेव्ह आहे असं धरून १.११ ने गुणून दाखवतो. लहर चौकोनी असली की तो ११ टक्के जास्त दाखवणार. २५२ ला १.११ ने भागा, २२७ येतात. तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलंही असेल. पंखा घुं घुं करतो तो त्यामुळेच.

झेनरचं ओहमकार सांगतील, त्यांना रात्रभर झोप लागणार नाही तोवर.

ओहमकार · मंगळवार, रात्री ९:५५

खरंच लागली नसती.

फ्रिक्वेन्सी ही चौथी शक्यता मी लिहिली आणि स्वतःच तिच्याकडे पाठ फिरवली. चौकोनी लहर ५० हर्ट्झचीच असते, पण तिच्या पोटात १५०, २५०, ३५० असे विषम पटींचे सूर असतात. तिसरा सूर उंचीनं एक तृतीयांश, पाचवा एक पंचमांश. पण कपॅसिटरचा विरोधही त्याच पटीत घटतो, तिसऱ्याला एक तृतीयांश, पाचव्याला एक पंचमांश. म्हणजे प्रत्येक सुराचा करंट सारखाच! एकावर एक थर चढत जातात आणि अडवायला उरतो फक्त तो बिचारा १०० ओहम.

साध्या भाषेत: साइन वेव्ह सावकाश चढते-उतरते. चौकोनी लहर +२२७ वरून क्षणात −२२७ वर उडी मारते. कपॅसिटर आधीच्या बाजूनं भरलेला असतो, त्याला तेवढ्या क्षणात उलटा भरावा लागतो. प्रत्येक उडीला रेझिस्टरमध्ये जळणारी ऊर्जा: अर्धा × ०.४७ मायक्रोफॅरड × उडीचा वर्ग. झेनर-ब्रिजचे २५ व्होल्ट दोन्हीकडून वजा केले तर उडी ४०४ व्होल्टची, ऊर्जा ०.०३८ ज्यूल. सेकंदाला १०० उड्या. ३.८ वॅट. मेनवर ०.१२, इन्व्हर्टरवर ३.८. तीसपटीहून जास्त.

आता या सूत्रात बघा काय नाही. रेझिस्टरची किंमतच नाही! १०० असो, २२० असो. म्हणून भाकरीभाऊंनी २२० टाकला तरी तेवढाच तापला. ही ओळ पहिल्या पोस्टमध्ये होती आणि मी तिच्यावरून दोन दिवस घसरून गेलो. साध्या लाईटवर २२० टाकला असता तर उष्णता दुप्पट व्हायला हवी होती. "तेवढाच" या शब्दाला मी तिथेच थांबायला हवं होतं.

आणि झेनर: प्रत्येक उडीला जेवढा भार पुढे ढकलला जातो तो ०.४७ × ४०४, सेकंदाला १०० वेळा, म्हणजे सरासरी १९ मिलिअँपिअर. साइन वेव्हला हाच आकडा २८ येतो, कारण तिचं शिखर ३२५ चं असतं, चौकोनी लहरीचं २२७ चंच. पुढे पोहोचणारा करंट कमी, म्हणून झेनर गार. तोच करंट सुईसारख्या धारदार झटक्यांत येतो, आणि रेझिस्टरला करंटचा वर्ग लागतो, म्हणून तो भट्टी.

पार्कचौक · मंगळवार, रात्री १०:०८

थांब बे ओहमकार. मग १,००० ओहमचा लावला तर धार बोथट होईल की. किंमत नाही असं कसं?

ओहमकार · मंगळवार, रात्री १०:१५

चांगला प्रश्न. झटका बोथट होतो, पण लांबतो. १०० ओहमला तो पाव मिलिसेकंदात आटपतो, १,००० ला अडीच मिलिसेकंदांत. दोन उड्यांमध्ये १० मिलिसेकंद असतात, त्यामुळे दोन्ही वेळा कपॅसिटर पूर्ण उलटा भरून होतो. एकूण तेवढंच जळतं. वर साध्या लाईटवर ०.१२ ऐवजी सव्वा वॅट जळायला लागेल ते वेगळंच.

यंत्रमाग_अण्णा · मंगळवार, रात्री १०:४०

हे मला मागावरून लगेच कळलं. आडवा धागा नेणारा धोटा एका पेटीतून सुटतो आणि समोरच्या पेटीत येऊन आदळतो. तिथं तुम्ही जाड चामडं लावा नाहीतर पातळ लावा. जाड लावलं तर आवाज कमी येईल, धोटा जरा सावकाश थांबेल. पण धोट्याच्या अंगातला जोर सगळा त्या चामड्यालाच खावा लागणार, एक कण कमी नाही. चामडं बदलून जोर कमी होत नाही. जोर कमी करायचा तर फेक कमी करावी लागते.

ओहमकार · मंगळवार, रात्री १०:४३

अण्णा, माझी अख्खी पोस्ट काढून तुमची ठेवली तरी चालेल.

पुणे३० · मंगळवार, रात्री ११:००

मी झेनरवर अडून होतो, मागे घेतो. पण १० वॅटचा रेझिस्टर हा उपाय का नाही? ४ वॅट तर ४ वॅट, १० वाला सहज खाईल.

मीटरवाली · मंगळवार, रात्री ११:१४

खाईल. पण ४ वॅट डबीतच राहणार ना! मोठ्या अंगामुळे पृष्ठभाग थोडा कमी तापेल, डबीतली हवा तेवढीच तापेल. शेजारी फिल्टरचा ४७० चा कपॅसिटर आहे, त्याचं आयुष्य उष्णतेनंच घटतं. आणि प्रत्येक उडीला त्या ०.४७ च्या कपॅसिटरमधून आणि डायोडमधून चार अँपिअरचा झटका जातोय. आज रेझिस्टर ओरडतोय म्हणून लक्ष गेलं. पुढच्या उन्हाळ्यात कपॅसिटर गुपचूप ०.३ वर आला असता आणि रिले ओढेनासा झाला असता.

पार्कचौक · बुधवार, सकाळी ८:३०

जुन्या ट्यूबलाईटचा तांब्याचा चोक मालिकेत टाका. माझ्याकडे माळ्यावर सहा पडलेत. चोक धक्का अडवतो, एवढं तर मला पण माहितीय.

ओहमकार · बुधवार, सकाळी ८:५०

धक्का अडवतो खरा, पण ४० वॅटच्या चोकचं इंडक्टन्स हेन्रीच्या थोडं वर असतं. ०.४७ सोबत त्याचा झोका २०० हर्ट्झच्या जरा वर बसतो, म्हणजे तिसऱ्या आणि पाचव्या सुराच्या बरोबर मधे. चढत्या झोक्याला आणखी धक्का दिल्यासारखं होईल, कपॅसिटरवर ४०० च्या वर व्होल्टेज जाऊ शकतं. चोक माळ्यावरच राहू द्या. भंगारात तांब्याला चांगला भाव येतो.

यंत्रमाग_अण्णा · बुधवार, सकाळी १०:०५

आता सरळ मार्ग. बोर्ड साध्या लाईनवर नेला तर रेझिस्टर जन्मभर टिकेल. पण लाईट नसताना पाणी सुटलं तर घंटी वाजणार नाही.

कडक_भाकरी · बुधवार, सकाळी १०:२०

तेच तर अण्णा. गेल्या आठवड्यात वळीव झाला, रात्रभर लाईट नाही, आणि पाणी नेमकं तेव्हाच सुटलं. घंटी इन्व्हर्टरवरच पाहिजे.

मीटरवाली · बुधवार, सकाळी १०:४५

मग तो १०० ओहम, ०.४७, ब्रिज आणि झेनर, सगळं काढा. सीसीटीव्ही कॅमेऱ्याचा १२ व्होल्ट १ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर आणा आणि रिले १२ व्होल्टचा टाका. एलईडीच्या मालिकेतला रेझिस्टरही निम्मा करा, नाहीतर ती मिणमिणेल. अर्ध्या मिनिटाचं टायमिंग बदलेल, ते जुळवून घ्या. असा अ‍ॅडाप्टर आधी व्होल्टेज सरळ करून साठवतो, मग कापतो, त्यामुळे लहर चौकोनी आली तरी त्याला चालतं. २२७ च्या शिखरावरही तो आरामात काम करतो.

माझ्या दृष्टीनं खरं कारण वेगळंच आहे. तुमच्या फ्लोटच्या वायरवर आज २३० व्होल्ट आहेत आणि ती वायर तुमच्या पिण्याच्या पाण्याच्या हौदात लोंबकळते. आवरणाला एक चीर गेली की तुमची आई भांडं बुडवायला वाकेल तेव्हा काय होईल याचा विचार करा. अ‍ॅडाप्टरमुळे ती बाजू मेनपासून वेगळी होईल. रेझिस्टर जळला नसता तर ही गोष्ट इथे निघालीच नसती.

कडक_भाकरी · बुधवार, सकाळी ११:०२

ताई, फ्लोटची वायर आत्ताच काढून ठेवली. संध्याकाळी नव्या पेठेत जाऊन अ‍ॅडाप्टर आणि रिले आणतो.

शेंगाचटणी · बुधवार, दुपारी ३:४०

मधेच घुसतोय, माफ करा. आमच्याकडेही तसलाच घुं घुं करणारा इन्व्हर्टर आहे. देवघरातले झिरोचे एलईडी बल्ब महिन्या-दोन महिन्याला जातात. मोठे ९ वॅटचे मात्र टिकतात. याचंही हेच असेल का? मी दुकानदाराशी तीनदा भांडून आलोय.

ओहमकार · बुधवार, दुपारी ४:१५

दाट शक्यता आहे. स्वस्त झिरोच्या बल्बमध्ये बहुतेक हेच सर्किट असतं: एक कपॅसिटर, एक छोटा रेझिस्टर, चार डायोड. गेलेला एखादा उघडून बघा, रेझिस्टर काळा दिसला तर कळलंच. ९ वॅटच्या बल्बमध्ये बऱ्याचदा वेगळा ड्रायव्हर असतो, म्हणून ते टिकत असतील. देवघराचा पॉइंट साध्या लाईनवर घ्या आणि लाईट गेल्यावर समई लावा.

यंत्रमाग_अण्णा · बुधवार, संध्याकाळी ६:३०

पंख्याचे छोटे पायरीवाले रेग्युलेटरही कपॅसिटरचेच असतात. इन्व्हर्टरवर पंखा दोन-तीन नंबरवर जास्त गुरगुरतो आणि पाचवर कमी, ते त्यामुळे. पाचवर रेग्युलेटरमधला कपॅसिटर बाजूला राहतो. माझ्याकडे असे रेग्युलेटर दुरुस्तीला उन्हाळ्यातच येतात. आजवर मला वाटायचं उन्हानं जातात.

कडक_भाकरी · शनिवार, सकाळी ६:५०

सगळ्यांना कळवायचं राहिलं. बुधवारी रात्रीच नवीन जोडलं. अ‍ॅडाप्टर, १२ व्होल्टचा रिले, फ्लोटला नवी वायर. डबीचं वाकडं झाकण तसंच ठेवलंय. मेन खाली करून तासभर चालवलं, अ‍ॅडाप्टर ४८ डिग्री, बाकी सगळं हवेएवढं.

काढलेला पांढरा रेझिस्टर मीटरवर अजून ९८.७ च दाखवतो. एवढं सोसून ओहमभर सुद्धा हलला नाही.

आज पहाटे ३:१० ला लाईट नव्हती. पंखा घुं घुं करत होता आणि डिंग-डाँग वाजली. आई उठायच्या आत मी मोटर लावायला धावलो, मग आठवलं, मोटर इन्व्हर्टरवर चालत नाही. बादल्यांनी भरलं.

पार्कचौक · शनिवार, सकाळी ७:१५

आता मोटर का चालत नाही म्हणून नवीन धागा काढू नको बे.